अप्पांचा पूर्वपक्ष

अप्पा नोव्हेंबरात गेले. ब्याण्णव वर्षांचे होते, फार आजारी पडले नाहीत, आणि "वय झालं होतं" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी मीच ते आधी म्हणून टाकू लागले. नंतरच्या तीन महिन्यांत मी मलायावरची अकरा पुस्तकं वाचली. तरुणपणची सहा वर्षं त्यांनी तिथे काढली होती आणि त्याबद्दल एका वाक्यापलीकडे ते कधी बोलले नव्हते. "सिनेमाच्या गाडीवर होतो," एवढंच. पुस्तकांमध्ये इंग्रजांचं राज्य होतं, जंगलातले कम्युनिस्ट बंडखोर होते, रबराचे मळे, काटेरी कुंपणं, रेशनचा तांदूळ, दोन्ही बाजूंनी मारलेली माणसं होती. सिनेमाच्या गाड्याही दोन-तीन ठिकाणी होत्या. सरकारी गाडी मळ्यात जायची, अंधार पडला की पडदा लावायची, आणि मुक्या फिल्मवर एक माणूस माइक धरून तमिळमध्ये बोलायचा. बंडखोरांची पत्रकं मळ्यात गुपचूप पसरायची, त्यांना सरकारचं उत्तर म्हणजे ही गाडी. बोलणाऱ्या माणसांची नावं कुठल्याच पुस्तकात नव्हती.

फेब्रुवारीच्या अखेरीस शैलामावशीचा फोन आला.

"कांचन, व्हॉट्सॲप बघितलंस का? मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय. मलायातल्या जुन्या फिल्म्सचं एक्झिबिशन, इथेच, बेलामी फिल्म संग्रहात. तुझे अप्पा, पंचनदराव, तिकडेच होते ना?"

"हो."

"मग उद्या जाऊ. मला पिकअप कर. बर्फात ड्राइव्ह करायचं नाही अशी मुलाची ऑर्डर आहे. मी त्याला जन्म दिला, आता तो मला लायसन्स देतो."

शैलामावशी ही माझी सख्खी मावशी नव्हे. पन्नास वर्षांपूर्वी आम्ही अमेरिकेत, ॲन आर्बरला आलो तेव्हा आईला भेटलेली ही पहिली मैत्रीण. मूळची नागपूरची, भूल देणारी डॉक्टर, आता निवृत्त. आई पुण्याची होती आणि अप्पा तंजावरचे. तीन शतकांपूर्वी तमिळ मुलखात गेलेल्या मराठ्यांबरोबर आमचे पूर्वज तिकडे गेले आणि तिथेच राहिले. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ. त्यांची मराठी ऐकून मंडळातली मंडळी तोंड फिरवून हसायची. शैलामावशी तोंड न फिरवता हसायची. "पंचनदराव, तुमची मराठी काचेच्या पेटीत ठेवायला हवी," असं ती म्हणायची, आणि अप्पा म्हणायचे, "ठेवा की. तुमची बाहेर उन्हांत विटली."

बेलामी संग्रह म्हणजे विटांची दुमजली इमारत. खाली छोटं थिएटर, वर दोन दालनं. दाराशीच मोठा फलक होता: "माइक हिसकावणारा माणूस". खाली काळ्या पार्श्वभूमीवर फक्त एक माइक.

दालनाच्या मधोमध हेडफोन टांगलेले होते आणि शेजारच्या भिंतीवर मजकूर होता. स्टँटन नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९५३ मध्ये मळ्यातल्या प्रेक्षकांचा अभ्यास करायला मलायात गेला होता. त्याच्या टेपा त्याच्या नातवंडांनी संग्रहाला दिल्या. त्यातली ही एक. सरकारी खेळ चालू आहे, प्रेक्षक सहाशे, निवेदक अज्ञात. तेराव्या मिनिटाला एक अज्ञात कामगार माइक हिसकावून घेतो आणि बंडखोरांचं पत्रक मोठ्याने वाचतो. असं पत्रक नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा होता. थोड्या वेळाने सरकारी निवेदक माइकचा ताबा परत घेतो आणि कामगाराला गप्प करतो. त्याचं पुढे काय झालं, ठाऊक नाही.

मी हेडफोन लावले. चार मिनिटांचा तुकडा होता. आधी जनरेटरची धडधड, मग एक तरुण आवाज. तमिळ मला पंचवीस-तीस शब्दांपलीकडे येत नाही. अप्पांनी शिकवलं नाही, आईने आग्रह धरला नाही. पण आवाज समजायला भाषा लागत नाही. वाक्य संपताना किंचित वर जाणारा, मग पुढच्या वाक्याआधी घसा न खाकरता थांबणारा. नोव्हेंबरपासून मी तो ऐकला नव्हता. इथे तो एकवीस वर्षांचा होता, माझ्या मुलीहून लहान.

मी हेडफोन शैलामावशीकडे दिले. तिने दहा सेकंद ऐकलं आणि दालनातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं, हे तर पंचनदराव!"

"पुढे ऐक."

तिने ऐकलं. "आता दुसरा कुणीतरी आला. घोगरा. हाच तो हिसकावणारा."

"तोही अप्पाच आहे."

मावशीने हेडफोन काढले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने नाडी बघायला हात पुढे केला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

मला खात्री होती. अप्पांचे वडील तंजावरच्या मठात कीर्तन करायचे. त्यांच्या कीर्तनात एक शंकेकरी असायचा. देवच नाही म्हणणारा, बुवा खोटं बोलतात म्हणणारा. तो वेगळा माणूस नसे. आजोबाच आवाज बदलून त्याची बाजू मांडत, आणि अशी मांडत की श्रोत्यांना क्षणभर पटून जाई. मगच उत्तर. अप्पा त्याला पूर्वपक्ष म्हणायचे. घरातही त्यांनी दुसऱ्या पद्धतीने कधी वाद घातला नाही. सोळाव्या वर्षी मला मैत्रिणींबरोबर शिकागोला जायचं होतं. अप्पा खुर्चीत बसले आणि माझ्या आवाजात, माझ्याच हातवाऱ्यांसकट, मला का जाऊ द्यावं याची सात कारणं त्यांनी दिली. त्यातली चार मला सुचलीच नव्हती. मग स्वतःच्या आवाजात ती एकेक खोडून काढली. मी रडायचं विसरून ऐकत राहिले.

हे सगळं मी त्याच दुपारी डॉ. पूंगोडीला सांगितलं. प्रदर्शन तिचं होतं. पंचेचाळिशीची, बारीक कापलेल्या केसांची, मलेशियात जन्मलेली तमिळ बाई. तिचे आजी-आजोबा अशाच एका मळ्यात रबराचा चीक काढायचे. या टेपेवर तिने सहा वर्षं काम केलं होतं. संग्रहाची व्यवस्था पाहणारी डेब्राही खोलीत होती. बोलणं अर्थातच इंग्रजीत चाललं.

"निवेदक तुमचे वडील आहेत हे मी मानते," पूंगोडी म्हणाली. "नाव द्या, आनंदाने छापू. दुसरा माणूस मात्र नाही. त्याचं तमिळ मळ्यातलं आहे, सेलमकडच्या मजुरांचं. निवेदकाचं तमिळ शाळेतलं, तंजावरच्या अग्रहारातलं, ब्राह्मणांच्या आळीतलं. मी मळ्यातलं तमिळ ऐकत वाढले. हे दोन वर्ग आहेत, कांचन. दोन माणसं आहेत."

"ते नक्कल करायचे."

"सरकारी नोकर, भर मळ्यात, पुढच्या रांगेत मॅनेजर बसलेला असताना, मजुराची नक्कल करून बंदी असलेलं पत्रक वाचेल? कशासाठी?"

"त्याला उत्तर देता यावं म्हणून."

ती हसली नाही. "माझे आजोबा त्या पडद्यासमोर जमिनीवर बसायचे. तुमचे वडील माइकवर उभे असायचे. वडील गेल्यावर प्रत्येक मुलीला ते थोडे मोठे झालेले हवे असतात. मलाही हवे होते."

शैलामावशी मराठीत पुटपुटली, "बाई तिखट आहे."

मी म्हटलं, "ते मोठे व्हावेत असं माझं म्हणणं नाही. तुमच्या भिंतीवर माझे वडील एका गरीब माणसाच्या हातातला माइक काढून घेतात आणि त्याला गप्प करतात. ते त्यांनी केलेलं नाही. हे असंच छापलं जाऊ नये, एवढंच."

"प्रदर्शनाची पुस्तिका, माझ्या लेखासकट, शुक्रवारी छापायला जाते," पूंगोडी म्हणाली. त्या दिवशी मंगळवार होता. "पुरावा आणा, मी बदलीन. माझा शब्द."

तेव्हा डेब्रा म्हणाली, "पूर्ण टेप अठ्ठेचाळीस मिनिटांची आहे. मध्ये मध्ये दोघं जण तिसऱ्याच भाषेत कुजबुजतात. आम्ही 'बहुधा मलय, अस्पष्ट' असं लिहून ते तुकडे कापले."

"मलय नाही ती. मलय मला येते," पूंगोडी म्हणाली. "मला तेलुगू वाटली."

"तुम्ही कुणाला ऐकवली का?"

"एका तेलुगू विद्यार्थ्याला. तो म्हणाला, कन्नड. कन्नडवाला म्हणाला, तेलुगू."

मी आणि शैलामावशीने एकमेकींकडे पाहिलं.

बुधवारी सकाळी आम्ही चौघी मागच्या खोलीत बसलो. खोलीला खिडकी नव्हती, टेबलावर दोन लाउडस्पीकर आणि कॉफीचा थर्मास होता. डेब्राने टेप सुरू केली. जनरेटर, पोरांचा कालवा, कुणाचा तरी खोकला, आणि मग माइकच्या अगदी जवळून एक जाडा आवाज:

"पंचू, जनरेटर खोकतोय. लांबड लावूं नकोस आज."

शैलामावशीने टाळी वाजवली. "तेलुगू म्हणे! ही तर यांच्या स्वयंपाकघरातली भाषा!"

तो सेतुराव होता, अप्पांचा चुलत भाऊ. गाडी चालवायचा, जनरेटर आणि प्रोजेक्टर सांभाळायचा, एवढं मला आईकडून कळलं होतं. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मी चार वर्षांची असताना तो पेनांगमध्ये वारला. मी वाक्याचा अर्थ सांगितला. पूंगोडीने तो वहीत लिहिला, वेळेसकट. चेहरा कोराच होता, पण तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"तो त्याला पंचू म्हणतोय?" तिने विचारलं.

"पंचनद. तंजावरकडचं नाव आहे. घरचे सगळे पंचूच म्हणायचे."

मग आमचं काम असं चाललं. तमिळ आलं की ती सांगायची, मराठी आलं की मी. फिल्ममध्ये एक बंडखोर जंगलातून हात वर करून बाहेर येत होता आणि सरकार त्याला भात आणि सिगारेट देत होतं. अप्पा हे सांगत होते, ठरलेल्या शब्दांत, बरंचसं कंटाळून. प्रेक्षक आपसात बोलत होते. बाराव्या मिनिटाला सेतुराव हळूच म्हणाला, "कोण्णी ऐकत नाहीं रे." अप्पा म्हणाले, "कसं ऐकतील? कागद खिशांत आहे माझ्या. काढूं?" सेतुराव म्हणाला, "साहेब समोर आहे. तुरुंगांत जाशील." आणि मग अप्पा म्हणाले, "जाऊं की."

मी हे इंग्रजीत सांगितलं. पूंगोडीची पेन्सिल थांबली. "कागद?"

"तुम्हीच ऐका."

तेरावं मिनिट. घोगरा आवाज. पूंगोडीला तो मजकूर पाठ होता; टेपेच्या बरोबरीने ती हलक्या आवाजात सांगत गेली. "मॅनेजरच्या बंगल्यात तीन नळ. एक त्याच्या कुत्र्याला अंघोळ घालायला. तुमच्या चाळीत एक नळ, तोही कोरडा. तुमची पोरं नाल्याचं पाणी पितात आणि मरतात. मॅनेजर म्हणतो, गोऱ्यांचं राज्य आहे म्हणून तुम्ही सुखी. बंदूक घ्या, जंगलात या. पाणी आम्ही देऊ." टेपेवरचा कालवा थांबला होता. आता नुसता जनरेटर ऐकू येत होता, आणि त्याच्या मागे सहाशे माणसांचा श्वास ऐकू यावा अशी शांतता.

याच ठिकाणी प्रदर्शनातला तुकडा कापलेला होता. पूर्ण टेपेत माइकवर तळवा ठेवल्याचा घसटा येतो, आणि सेतुराव घाबऱ्या आवाजात म्हणतो, "पुरे की रे पंचू! साहेब उठतो मणून भ्यालों. आवाज सोड आतां."

आणि उत्तर येतं. सेलमकडच्या त्या मजुराच्या घोगऱ्या आवाजात, जो अप्पांनी अजून सोडलेला नव्हता:

"थांब रे. पूर्वपक्ष पुरता झाला नाहीं."

 

"पुन्हा," पूंगोडी म्हणाली. डेब्राने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. "तोच गळा," पूंगोडी म्हणाली. "तोच घोगरा गळा, तुमच्या भाषेत बोलतोय."

"हो."

"काय म्हणाला?"

मी सांगितलं. पूर्वपक्ष म्हणजे काय, ते मंगळवारी सांगितलं होतंच. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "माझा हीरो सरकारी पगारावर होता."

मला तिचं वाईट वाटलं. इतका वेळ मी फक्त माझ्याच माणसाचा विचार करत होते. तिनेही आत्ताच एक माणूस गमावला होता. "पुढे काय आहे?" मी विचारलं. "माझ्यासाठी हे अजून नुसते आवाज आहेत."

ती सावरून बसली. पुढचं तमिळ तिने आधी कितीदा तरी ऐकलं होतं, पण आता ती ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी एकेक वाक्य थांबवून सांगू लागली. अप्पा आपल्या आवाजात परतले होते.

"हे पत्रक मला तुमच्या चाळीमागे सापडलं. खिशात ठेवलं म्हणून मला पकडता येईल. यातल्या चार ओळी खऱ्या आहेत. नळ एकच आहे. मी दुपारी जाऊन बघितला. पोरं आजारी आहेत, मी बघितली. खऱ्याला मी खोटं म्हणणार नाही, तशी माझी नोकरी असली तरी."

"हे मी ऐकलेलं होतं," पूंगोडी टेप थांबवून म्हणाली. "मला वाटलं, त्या कामगारामुळे याला कबूल करणं भाग पडलं." ती डेब्राला म्हणाली, "चालू कर."

"आता शेवटची ओळ. पाणी आम्ही देऊ. गेल्या महिन्यात वेलू मुकादमाला कुणी मारलं? पत्रक म्हणतं, तो सरकारचा कुत्रा होता, रोज ऑफिसात जायचा. वेलू ऑफिसात कशासाठी जायचा? तुम्हाला माहीत आहे. मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

टेपेवर बराच वेळ काहीच नाही. मग लांबून एका बाईचा आवाज, एकच शब्द. तो माझ्या पंचवीस-तीस शब्दांपैकी होता. पाणी. मग दुसऱ्या बाईचा. मग इतक्या आवाजांत तोच शब्द की लाउडस्पीकर फाटल्यासारखा वाजला.

"पाणी मागायला जाणाऱ्याला ज्यांनी मारलं," पूंगोडी सांगत होती, आणि आता तिचा स्वर अप्पांच्या लयीत गेला होता, "ते तुम्हाला पाणी देणार?"

यानंतर अप्पा एकदम इंग्रजीत बोलले, त्यामुळे ते आम्हा चौघींनाही सरळ कळलं. आवाज अतिशय नम्र होता.

"साहेब, हे लोक विचारतायत, पाइप कधी पडेल. मी त्यांना काय सांगू?"

दुरून काहीतरी गुरगुरणं.

"माफ करा साहेब, मागच्यांना ऐकू आलं नाही. माइकमध्ये बोला."

शैलामावशीने तोंडावर हात दाबला. लाकडी खुर्ची सरकली, बुटांचा आवाज जवळ आला, आणि एक गोरा, संतापलेला, कोंडीत सापडलेला आवाज माइकमध्ये म्हणाला: "दिवाळीपर्यंत."

अप्पांनी ते तमिळमध्ये सांगितलंच नाही, सांगावं लागलं नाही. गर्दीने जो आरडाओरडा केला त्यात जनरेटरही बुडाला. त्या गदारोळात सेतुराव मोठमोठ्याने हसत होता.

डेब्राने टेप थांबवली आणि बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात स्टँटनची वही होती. "या तारखेला तो स्वतः मळ्यात नव्हता," ती म्हणाली. "हे बघा. 'ताप. मशीन ड्रायव्हरबरोबर पाठवलं.' म्हणजे हा खेळ पाहिलेल्या कुणीच तो लिहून ठेवलेला नाही. आणि ही तीन महिन्यांनंतरची नोंद."

पूंगोडीने ती नोंद वाचून दाखवली. पाइप झाला आहे. लोक फिल्मपेक्षा नंतरच्या बोलण्यासाठी थांबतात. आज गाडीपाशी रांग, एकोणीस पत्रकं जमा. निवेदकाला लेखी ताकीद मिळाली होती. आता खात्याने त्यालाच इतर गाड्यांवरच्या निवेदकांना शिकवायला सांगितलं आहे.

"ही एकोणीस पत्रकं," ती म्हणाली. "मी लेखात लिहिलंय की ती जप्त केली. धाक दाखवून." ती वहीकडे बघत राहिली. "धाक दाखवून घेतलेली पत्रकं लोक रांगेत उभं राहून देत नाहीत. त्यांनी ती आणून दिली. याने उत्तर द्यावं म्हणून आणून दिली."

"जंगलातल्यांचं पत्रक जंगलातल्यांच्याच विरोधात," शैलामावशी म्हणाली. "पंचनदराव पक्के होते."

"आणि सरकारच्याच माइकवरून साहेबाच्याही विरोधात," पूंगोडीने तिला दुरुस्त केलं. मग माझ्याकडे वळली. "मी माझा शब्द पाळीन. पण एक अट. मराठीचं भाषांतर तुम्ही करायचं आणि लेखावर दोघींची नावं असतील. तुमच्या वडिलांना पगार कुणाचा होता, ते मी लिहिणार. त्याच सरकारने कुणाला कुंपणात टाकलं, तेही लिहिणार."

"लिहा," मी म्हटलं. "मी वाचलेल्या अकरा पुस्तकांची नावंही तळटीपेत घाला."

गुरुवार आणि शुक्रवारची दुपार आम्ही त्याच खोलीत काढली. छपाई सोमवारपर्यंत थांबवण्यासाठी डेब्राने छापखान्याला दोनदा फोन केला. दाराशी नवा फलक लागला. माइक तोच होता. वर लिहिलं होतं, "दोन आवाज, एक माणूस: मलाया, १९५३".

मार्चच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीनला खालच्या थिएटरमध्ये खेळ होता. शैलामावशीने मंडळाच्या ग्रुपवर चार दिवस असा धुमाकूळ घातला होता की दीडशे खुर्च्यांपैकी साठ आमच्याच लोकांनी भरल्या. उरलेल्यांत विद्यार्थी होते, आणि लान्सिंग, कँटन अशा आसपासच्या गावांतून आलेली तमिळ कुटुंबं. मंडळाचे अध्यक्ष अनिल कुळकर्णी पहिल्या रांगेत बसायला निघाले, तेव्हा मावशी म्हणाली, "तिथे मॅनेजर बसायचा. तुम्ही मागे या."

दिवे गेले. आधी एक पाटी आली: निवेदक आणि शंकेकरी, पंचनदराव, वय एकवीस. चालक आणि यंत्रचालक, सेतुराव. प्रेक्षक, सहाशे. मी ती पाटी दोनदा वाचली.

तीच मुकी फिल्म सुरू झाली, तिच्यावर टेपेचा आवाज, खाली पूंगोडीची आणि माझी भाषांतरं. "लांबड लावूं नकोस आज" या वाक्याला मंडळाच्या बाजूने पहिला हशा आला. पत्रकाच्या वेळी सगळं थिएटर गप्प झालं. "पूर्वपक्ष पुरता झाला नाहीं" हे घोगऱ्या आवाजात आलं तेव्हा मागून कुणीतरी मोठा श्वास घेतला. आणि अप्पा नम्रपणे "माइकमध्ये बोला" म्हणाले, तेव्हा दीडशे माणसं एकदम हसली. पाठोपाठ "दिवाळीपर्यंत" आलं आणि टाळ्यांमध्ये मळ्यातली गर्दी कुठे संपली आणि आमची कुठे सुरू झाली, ते कळेना.

दिवे लागल्यावर एका विद्यार्थ्याने हात वर केला. "म्हणजे हा माणूस शेवटी साम्राज्यासाठीच काम करत होता ना?"

मी पूंगोडीकडे पाहिलं. तिने माइक घेतला.

"पगार साम्राज्याचा होता," ती म्हणाली. "माझ्या आजोबांसारख्या माणसांना जो गोरा साहेब खाली बसवायचा, त्या साहेबाला याने उठून माइकपर्यंत यायला लावलं. बंडखोरांच्या बाबतीतही त्याने तेच केलं: तुमचं म्हणणं मी मोठ्याने वाचतो, आता लोकांसमोर त्याचं उत्तर द्या. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मी सहा वर्षं त्या टेपेत एका शूर माणसाला शोधत होते. तो त्याच टेपेत होता."

विद्यार्थी बसला. मग डावीकडून काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. पांढरा शर्ट, गळ्याशी बटण लावलेलं. ते पूंगोडीशी तमिळमध्ये दोनच वाक्यं बोलले आणि उभेच राहिले.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"ते अशाच एका मळ्यात वाढले. म्हणतायत, पहिल्यापासून पुन्हा लावा."

मागून कुणीतरी "वन्स मोअर!" ओरडलं. तो अनिल कुळकर्णींचाच आवाज होता. मग टाळ्या सुरू झाल्या, एका लयीत, आणि त्या थांबेनात. डेब्राने घड्याळाकडे पाहिलं, इमारत बंद करायची वेळ झाली होती. तिने खांदे उडवले, मागे गेली, आणि थिएटरमध्ये पुन्हा अंधार झाला.